वैशाखातले घरचे पक्षी

एप्रिल लागला की पक्षी बघणाऱ्या बऱ्याच जणांच्या दुर्बिणी कपाटात जातात. थापटे आणि धोबी उत्तरेकडे परतलेले असतात, ठाण्याच्या खाडीतले रोहित निघायच्या तयारीत असतात आणि ऊन सकाळी नऊलाच नकोसं होतं. भिवंडीतली एक मित्रमंडळी मात्र नेमकी याच दिवसांत बाहेर पडते. त्यात एक शाळामास्तर आहे, एक औषधाच्या दुकानाचा मालक, एक रिक्षावाला. आणि ज्याच्यामुळे हे सगळे एकत्र आले तो, यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब सांभाळणारा. हिवाळ्यात येतात ते पाहुणे, वैशाखात दिसतात ते घरचे, असं तो म्हणतो. त्याचं खरंच आहे. इथल्या कितीतरी पक्ष्यांचं गाणं, जोडी जमवणं, घरटं आणि पिल्लं हा सगळा संसार पावसाआधीच्या तापलेल्या महिन्यांतच चालतो.

ही गोडी त्याला लागली आजोळी, गुमतारा डोंगराच्या पायथ्याला, दुगाडच्या बाजूला. वडील माग चालवायचे. भिवंडीचे माग शुक्रवारी बंद, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत गुरुवारची पाळी संपली की ते मुलांना भेटायला गावी यायचे. तिथे आजोबांची राब भाजायची गडबड सुरू असायची. भाताची रोपं जिथे करायची, त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, डहाळ्या पसरायच्या आणि पेटवून द्यायचं. धूर उठला की कुठून कोण जाणे, कोतवाल आणि वेडे राघू हजर. आगीपुढून उडणारे टोळ ते हवेतल्या हवेत टिपायचे आणि नातू काजळीने माखून ते बघत बसायचा.

आजोबांना पक्षी कामावरून ओळखू यायचे. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणायला लागला, की कौलं चाळून घ्यायची वेळ झाली. टिटवी अंड्यांवर बसली असेल, तर तो कोपरा नांगराविना राहायचा. हे त्यांनी कुणाला शिकवलं नाही, फक्त दरवर्षी केलं.

कॉलेजात असताना वाचनालयात सलीम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ त्याच्या हाती पडलं. पुस्तकाची पहिली आवृत्ती १९४१ची. पण तो जास्त रमला सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला केलेल्या सुगरणींच्या अभ्यासात. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन आतबाहेर तपासते, पसंत पडलं तर मुक्काम करते. मग नर ते पुरं करून जवळच दुसरं विणायला घेतो. पडघ्याजवळ एका विहिरीवर झुकलेली शिंदी होती. मेअखेर तिथल्या नरांची डोकी पिवळी होत आणि पुस्तकातलं एकेक वाक्य त्याला समोर खरं होताना दिसे. एकेक मित्र जोडला गेला, तो त्या विहिरीच्या काठावरच.

पुढे रानपिंगळ्याची बातमी आली. घुबडाच्या जातीचा हा लहानसा पक्षी १८८४नंतर कुणाला सापडलाच नव्हता. १९९७च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ दिसला. तेव्हा भिवंडीकरांना ते फार लांबचं वाटलं. २०१४मध्ये हाच पक्षी शेजारच्या शहापूर तालुक्यात, तानसा अभयारण्यात आढळला! रानपिंगळा दिवसाही वावरतो, त्यामुळे उन्हाळ्यात पानं झडलेल्या सागाच्या रानात तो दिसण्याची आशा धरता येते. मंडळींचा नियम मात्र कडक आहे: मोबाइलवर आवाज वाजवून कुठल्याच पक्ष्याला बोलवायचं नाही. विणीच्या दिवसांत असा खोटा प्रतिस्पर्धी उभा केला की नर घरटं सोडून भांडायला येतो.

मे महिन्यात एका शनिवारी ‘ग्लोबल बिग डे’ असतो. २०१५पासून जगभरचे लोक त्या दिवशी दिसेल तो पक्षी ‘ईबर्ड’वर नोंदवतात. भिवंडीची यादी साधी असते: दयाळ, तांबट, हळद्या, सातभाई, उंच चढून पंख मिटत खाली झेपावणारा डोंबारी चंडोल. मास्तर कावळेही मोजायला लावतात. साध्या पक्ष्यांची नोंद नसेल, तर ते कधी कमी झाले हेही कळणार नाही, हे त्यांचं म्हणणं कुणीही मान्य करावं असं आहे.

कारण जमीन झपाट्याने बदलते आहे. मुंबईच्या जकातीबाहेरची जागा आणि दारातून गेलेला नाशिक महामार्ग यांमुळे पूर्णा, राहनाळ, काल्हेर, माणकोली, दापोडे अशा गावांच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली. भरावाची जमीन एखादा उन्हाळा नुसती पडून राहते. टिटवीला अशीच उघडी, खडेवाली जागा लागते. मुरमात उथळ खळगा, भोवती चार खडे आणि मधे निमुळती टोकं आत वळवलेली चार अंडी. रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. दुपारी ती डबक्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते. सावली नसलेल्या त्या जागी अंडी गार ठेवायचा हाच तिचा उपाय.

गेल्या वैशाखात अशाच एका भरावावर त्यांना खळगा सापडला आणि पलीकडच्या टोकाला डंपर रिकामे होत होते. रिक्षावाला सरळ सुपरवायझरकडे गेला. ‘‘दादा, अठ्ठावीस दिवस लागतात हो. बऱ्याच दिवसांपासून बसली असेल. तेवढा कोपरा शेवटी भरा ना.’’ सुपरवायझरने आधी हात झटकला, मग दुर्बिणीतून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. संध्याकाळी त्याने स्वतः चार बांबू रोवून लाल फडकी बांधली. पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच चालायला लागतात. ती निघाली त्या दिवशी हिशेबनीसाच्या मोबाइलवर व्हिडिओ आला. त्यात मुरूम दिसतो, बांबू दिसतात, वर ओरडत घिरट्या घालणारी टिटवी दिसते, आणि कॅमेऱ्यामागून सुपरवायझर ड्रायव्हरला ओरडून सांगतोय, ‘‘अरे मागं घे, मागं घे, अजून दोन बाकी हाएत.’’