मला बोट लागते

न्हावा शेव्याच्या माणसाने हे कबूल करणं म्हणजे हलवायाने मला साखर चालत नाही असं सांगण्यासारखं आहे. खलाशी घडवणारी टी. एस. रहमान ही 1910 सालची संस्था आमच्या न्हाव्यात. शेव्याला 1989 साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं, तेव्हापासून इथली पोरं झोपेतसुद्धा कंटेनर मोजतात. आणि मी? मोऱ्याची लाँच अजून धक्क्याला बांधलेली असते, तेव्हाच माझ्या पोटात भरती सुरू होते!

हे गुपित मी चाळीस वर्षं सांभाळलं. परवा वाळवीने ट्रंकेपर्यंत मजल मारली, म्हणून जुने कागद उन्हात घातले. शाळेच्या दाखल्यावर 'जिल्हा कुलाबा'. 1981 साली अख्ख्या जिल्ह्याने नाव बदलून रायगड केलं. आमच्या डायरीत मात्र दर एक जानेवारीला तोच निश्चय, 'यंदा भीती सोडायची.' वर्षागणिक अक्षर तेवढं सुधारलंय.

मग भूगोलाच्या पुस्तकातून ते पत्र निघालं. 1983 सालचं, बोटीवरच्या नोकरीच्या मुलाखतीचं. बाबा रोज विचारायचे, "बोटीचा कागद आला का रं?" मी म्हणायचो, "नाय." पुढे बाबांनी पोस्टमनला इतक्या शिव्या घातल्या, की तो बिचारा दिवाळीची पोस्त मागायलाही आमच्या दारात येईना.

बायकोला एकदाचं सांगून टाकलं.

"अहो, लग्नाच्या वर्षीच कळलं मला. घारापुरीला नेलंत आणि लेणी सोडून तासभर झाडाखाली आडवे झालात!" असं म्हणत तिने पत्र उलटं केलं आणि गप्प झाली.

मागे बाबांच्या अक्षरात मिठागरावरच्या मजुरीचा हिशोब होता. फेब्रुवारी 1984. म्हणजे कागद त्यांना सापडला होता. हिशोब करून त्यांनी तो पुन्हा माझ्या भूगोलात ठेवून दिला होता. पोस्टमनला शिव्या मात्र त्यानंतरही चालूच होत्या, अगदी शेवटपर्यंत.

रविवारी पाहुणे आले. लाँचने भाऊच्या धक्क्याला जायची टूम निघाली. एरवी अशा वेळी माझा गुडघा दुखायला लागतो. या खेपेला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. 2024 सालापासून अटल सेतू झालाय, मी मोटारीने येतो. मला बोट लागते."

आतून आवाज आला, "लिंबू घ्या बरोबर. ह्यांना मोटारही लागते!"