साडेतीन फुटांची साखळी

“आपल्याकडे मोठा कुत्रा असावा असं किती जणांना वाटतं? हात वर करा बघू!”

परवा वर्गात मी सहज विचारलं आणि चौतीसपैकी एकोणतीस हात वर गेले. मुलांनो, तुमचाही गेला असता ना? मग आमच्या घरची गोष्ट ऐकाच.

त्याचं झालं असं, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात माझ्या मावसभावाकडे गेलो होतो. त्याच्या वस्तीवर एक कारवानी कुत्रा आहे. उंच, सडसडीत, निमुळत्या तोंडाचा आणि पोट असं आत गेलेलं की वाटावं, ह्याला कुणी जेवायलाच घालत नाही! पण ती त्या जातीची ठेवणच आहे. कर्नाटकातल्या मुधोळ गावावरून ह्यालाच मुधोळ हाउंड असंही म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने चार देशी जातींच्या कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत हा आहे. पुष्कळ कुत्री वासावरून माग काढतात. कारवानी मात्र नजरेने शिकार हेरतो. लांबवर ससा हलला, की हा सुटलाच! धावताना त्याचे चारही पाय एकदम हवेत दिसायचे.

माझी पाचवीतली लेक आठ दिवस त्याच्या मागे मागे होती. परतीच्या गाडीत ती म्हणाली, “आई, मामा पिल्लू द्यायला तयार आहे. आणूया ना गं?”

आम्ही राहतो ठाकूरद्वारला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. खोल्या दोन, माणसं पाच.

“ठेवायचा कुठे त्याला?” तिच्या बाबांनी विचारलं.

“गॅलरीत बांधू की!”

तो ‘बांधू’ शब्द ऐकला आणि मला मोती आठवला.

१९९७ साली मी तिसरीत होते. माझं माहेर फणसवाडीतलं, तीही चाळच. माझ्या बाबांनी कुणाकडून तरी अल्सेशियनचं पिल्लू आणलं. पहिले तीन महिने चाळभर कौतुक. मग मोती वाढला. जिना उतरताना आईला ओढत न्यायला लागला, तेव्हा त्याला गॅलरीच्या खांबाला साखळीने बांधलं. ‘थोडे दिवस’ म्हणून बांधलं, ते दीड वर्ष. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं कुणी तरी खाली नेई. नाही जमलं, तर तेही राही. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस त्याच्या समोरून जायचं. आधी तो शेपटी हलवायचा. मग भुंकायला लागला. मग गुरगुरायला. एक दिवस त्याने दूधवाल्या दादांच्या पोटरीला चावा घेतला. दादांना इंजेक्शनं घ्यावी लागली. त्याच आठवड्यात बाबांनी मोतीला वसईकडच्या एका ओळखीच्यांच्या वाडीत नेऊन सोडलं. मी शाळेत होते. घरी आले, तर खांबाला नुसती साखळी.

“आमचा कुत्रा चावरा होता,” असंच मी पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत आले.

लेकीला नुसतं ‘नको’ म्हणून उपयोग नव्हता. डी.एड.ला आम्हांला शिकवलं होतं, मुलांना उत्तर देऊ नका, अनुभव द्या. शिक्षिकेच्या घरात खडूंना काय तोटा? रविवारी मी गॅलरीच्या खांबाला साडेतीन फुटांची दोरी बांधली. मोतीची साखळी साधारण तेवढीच होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला खडू धरला आणि फरशीवर अर्धवर्तुळ काढलं.

“ह्याच्या आत दोन तास बसायचं. पुस्तक नाही, खेळ नाही. पाणी मिळेल.”

पहिला अर्धा तास मजेत गेला. मग नळावर जाणाऱ्या काकू तिला वळसा घालून गेल्या. शेजारची मुलं बॅट घेऊन खाली उतरली. धाकटा भाऊ कुल्फी चाटत मुद्दाम रेषेच्या पलीकडे येऊन उभा राहिला. पन्नासाव्या मिनिटाला ती त्याच्यावर अशी काही खेकसली, की शेजारची दारं उघडली!

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “आई, मोती पण असाच भुंकायला लागला का गं?”

मला पटकन ‘हो’ म्हणता आलं नाही.

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याला मनाई करणारा कायदा आपल्या देशात १९६० सालापासून आहे. आखूड साखळीला कुत्र्याला तासन्‌तास बांधून ठेवणं, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं, हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. आमच्या घरात तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण कायदा ठाऊक नसला, तरी मोती तर डोळ्यांसमोर होता!

लेक मात्र मागे हटली नाही. “मग बांधायचाच नाही. रोज फिरवायचा!”

म्हणून आम्ही दोघी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात गेलो. नाव ऐकून हसू आलं ना? त्याचं खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली ह्याच आवारात सुरू झालं. तिथल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, ते लेकीने वहीत लिहून घेतलं. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. रेबीज एकदा झाला की त्यातून प्राणी वाचत नाही, म्हणून लस चुकवायची नाही. महापालिकेचा परवाना काढायचा. रस्त्यावर केलेली घाण आपणच उचलायची. कारवानीला रोज चांगलं दीड-दोन तास चालणं-धावणं हवं आणि तेही पट्टा लावून, कारण मांजर दिसलं की त्याला बस दिसत नाही.

मग त्यांनी विचारलं, “दुपारी घरी कोण असतं?”

“आजी.”

“आजींचे गुडघे कसे आहेत?”

लेक गप्प झाली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आजी कठड्याला धरून थांबतात, हे तिला माहीत होतं.

घरी आल्यावर बाबांनी एक पट्टा आणून दाराच्या खिळ्याला अडकवला. “पूर्ण जून महिना रोज सकाळी पावणेसहाला उठायचं. पट्टा हातात घ्यायचा, आईबरोबर फिरून यायचं. कुत्रा आहे असं समज. गेलीस की कॅलेंडरवर खूण कर.”

ठाकूरद्वार नाका, चर्नी रोडचा पूल आणि पलीकडे मरीन ड्राइव्ह. रिकामा पट्टा बघून लोक विचारायचे, “कुत्रा कुठे हरवला गं?” पहिला आठवडा तिने एकही दिवस चुकवला नाही. मग पाऊस सुरू झाला. मग शाळा. एकदा तिचं पोट दुखलं. आणि खरं सांगते, दोनदा मलाच उठवेना.

तीस तारखेला रात्री आम्ही खुणा मोजल्या. १७ भरल्या. मला वाटलं, आता रडारड होणार. ती बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे १३ दिवस तो दाराशी बसून राहिला असता.”

दुसऱ्या दिवशी तिनेच मामाला फोन करून सांगितलं, “पिल्लू ज्याच्याकडे मोकळं रान आहे, त्याला दे.”

मुलांनो, मोठा कुत्रा लहान घरात राहूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. रोज न चुकता त्याच्यासाठी वेळ काढणारी माणसं चाळीतही असतात. तेव्हा घर किती फुटांचं, हे मोजालच. पण आपल्याकडे वेळ किती, हेही मोजा. आणि आईबाबांनो, ‘मुलंच सगळं करतील’ ह्यावर विसंबू नका. त्या १३ दिवसांत दोन दिवस माझेही होते.

आमचा पट्टा अजून खिळ्यालाच आहे. जुलैचं पान उलटलं, तेव्हा कुणी न सांगता त्यावर पुन्हा खुणा व्हायला लागल्या. ह्या वेळी २२ झाल्या.

आणि परवा वर्गात मी मोतीची गोष्ट सांगितली. एकाने विचारलं, “बाई, तो चावरा होता का?”

“नाही रे,” मी म्हटलं, “आम्ही त्याला बांधून ठेवलं होतं.”