पायाखालची माती

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक फुटबॉलपटू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून केवळ २-१ असे हरले. उघड्या पायाला चेंडू अधिक कळतो, हा त्यांचा विश्वास काही अगदीच खोटा नव्हता! परंतु १९५२ साली हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरविले. पुढे बूट सक्तीचे झाले.

बूट आले, तरी प्रश्न मिटला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील काळ्या मातीची मैदाने कोरडी असता दगडासारखी टणक, भिजताच चिकट. टणक भूमीवर बुटाच्या तळाचे खुंट आखूड व पुष्कळ हवेत; चिखलात लांब व विरळ. महाविद्यालयीन खेळाडूपाशी जोड बहुधा एकच! आखूड खुंटांत चिखल भरला, की वळताना पाय निसटतो, गुडघा मुरगळतो. म्हणून जाणता खेळाडू सामन्यापूर्वी मैदानभर हिंडून माती बोटांनी चाचपतो.