आपल्या वळणाचं काम

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणितच शिकवू लागले. घर एक, विषय एक, बाईचं जिणं सुसह्य व्हावं ही कळकळही एकच. स्वभाव मात्र दोन टोकांचे. ध्येय, संकल्प, इच्छाशक्ती असे विषय निघाले की मला हे बापलेक आठवतात. माणूस काय मिळवायचं ठरवतो आणि त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने जातो, यात स्वभावाचा वाटा किती असतो, हे त्यांच्या आयुष्यांत लख्ख दिसतं.

वडील, म्हणजे अण्णासाहेब, विलक्षण भिडस्त. ‘आत्मवृत्ता’त त्यांनी हा बुजरेपणा मोकळेपणाने सांगितला आहे. असा माणूस लोकांपुढे हात पसरून संस्था उभी करील, असं कुणाला वाटलं असतं? पण भिडस्तपणाच्या जोडीला त्यांच्याकडे अपार चिकाटी होती. सतरा वर्षांचं वय असताना ते परीक्षेसाठी आपल्या मुरूड गावाहून कुंभार्ली घाटाने साताऱ्याला चालत गेले. अंतर शंभराहून अधिक मैल. तिथे ‘वय लहान दिसतं’ म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. मुलगा परत आला आणि पुन्हा अभ्यासाला लागला. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केलं. वक्तृत्वाने सभा जिंकणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी जमणाऱ्या गोष्टी धरल्या: लहान लहान वर्गण्या, पैशापैशाचा चोख हिशोब, आणि दिवसभराचं शिकवणं झालं की हिंगण्याला संस्थेच्या झोपडीपर्यंतची पायपीट. लोकांनी त्यांच्या भाषणांपेक्षा या नेमावर जास्त विश्वास टाकला.

१८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. विधवाविवाहाचा प्रचार त्यांनी सुरू केलाच होता. पण समाजाशी उभा दावा मांडणं हा त्यांचा पिंड नव्हता. विधवांचं लग्न समाजाला रुचत नसेल, तर त्यांचं शिक्षण तरी रुचेल, असा हिशोब करून त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. त्यातून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. या नमतेपणाची किंमतही होती, आणि ती घरातच चुकवावी लागली. पुनर्विवाहित म्हणून खुद्द पत्नीलाच आश्रमाच्या कामापासून दूर ठेवावं लागलं. सगळ्यांना बरोबर घेऊन चालणाऱ्याला कधीकधी सर्वांत जवळच्या माणसालाच थांबायला सांगावं लागतं. हे वाचताना मला अजूनही वाईट वाटतं.

रघुनाथरावांना नमणं ठाऊकच नव्हतं. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. हे काम सोडा नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी तो खटला ते हरले. दंड भरला आणि पुढचा अंक काढला. शब्द मवाळ केला असता तर चार वर्गणीदार वाढले असते. पण मवाळ शब्दाने त्यांचं कामच झालं नसतं. जे कुणी उच्चारत नव्हतं ते स्पष्ट उच्चारणं, हेच तर त्यांचं ध्येय होतं.

वडिलांचं काम असं, की ते शेकडो लोकांच्या संमतीशिवाय उभं राहूच शकत नव्हतं. मुलाचं काम असं, की त्याला कुणाच्या संमतीची वाट पाहून चालणारच नव्हतं. दोघांची कामं त्यांच्या स्वभावाला इतकी बसली, की ती अदलाबदल करून पाहताच येत नाहीत. वडिलांची संस्था त्यांच्यामागे वाढत राहिली. मुलाचं मासिक त्याच्याबरोबर संपलं, विचार मात्र उरला. एकाच्या फुटपट्टीने दुसऱ्याला मोजलं तर दोघांवरही अन्याय होतो.

आपण मात्र स्वतःवर हा अन्याय सर्रास करतो. माझी भाची स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आली आणि सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत तिने जागा घेतली. प्लायवूडच्या फळ्यांनी आखलेला जेमतेम हातभर कप्पा, समोर स्केचपेनने रंगवलेलं वेळापत्रक. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचा प्रत्येक तास लिहिलेला. ते वेळापत्रक परीक्षेत पहिल्या आलेल्या एका मुलाच्या मुलाखतीतून घेतलं होतं. तो मुलगा एकलकोंडा, तासन्‌तास न बोलता बसणारा. आमची ही पोर बोलल्याशिवाय विचारच करू न शकणारी. महिनाभरात तिला वाटू लागलं, आपल्यात जिद्दच नाही. मग एकदा चहाच्या टपरीवर तिने मैत्रिणींना राज्यघटनेतल्या दुरुस्त्या समजावून सांगितल्या आणि तिचं तिलाच कळलं, की बोलताना सगळं डोक्यात नीट लागतं. तेव्हापासून सकाळी वाचायचं आणि संध्याकाळी चौघींना शिकवायचं, असा तिचा क्रम बसला. पूर्वपरीक्षा ती पास झाली, मुख्य परीक्षेत राहिली. पण आता ‘माझ्यात जिद्द नाही’ हे वाक्य तिच्या तोंडी येत नाही. मला ते निकालाइतकंच मोलाचं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ स्वभावाचे पाच ढोबळ पैलू मानतात: नव्याची ओढ, नेटकेपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि मनाची चलबिचल. यांतला नेटकेपणा ध्येय गाठायला सगळ्यात उपयोगी पडतो, हे खरंच आहे. पण म्हणून बाकीचे चार ओझं ठरत नाहीत. ज्याला नव्याची ओढ आहे तो एका कामात टिकत नाही, पण कुणाला न दिसलेलं ध्येय त्यालाच आधी दिसतं. ज्याचं मन सारखं धास्तावतं तो उशिरा निघतो, पण वाटेतले खड्डे त्याला आधीच ठाऊक असतात. चलबिचल होणाऱ्या मनाला वर्षाचा संकल्प झेपत नसेल तर आठवड्याचा झेपेल. शब्द दिला की पाळणाऱ्याने संकल्प चारचौघांत सांगावा. कुणी विचारलं की बिथरणाऱ्याने तो मनातच ठेवावा.

मग स्वभावाबाहेर पाऊल टाकायचंच नाही का? टाकायचं. अण्णासाहेबांनी टाकलं. १९२९-३० मध्ये, सत्तरी उलटल्यावर, हा भिडस्त माणूस विद्यापीठाविषयी बोलत युरोप-अमेरिका फिरून आला. स्वभाव बदलला म्हणून नव्हे. विद्यापीठ त्यांना भिडेपेक्षा प्रिय होतं म्हणून. आपल्याला कशाची खरी आस आहे हे ओळखायची याहून चांगली खूण मला माहीत नाही: ज्याच्यासाठी आपण आपला स्वभाव थोडा वेळ बाजूला ठेवायला तयार होतो, ते ध्येय आपलं. ज्याच्यासाठी तो रोजच्या रोज मोडावा लागतो, ते बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी आपण उचललेलं असतं.

म्हणून नवा संकल्प करणाऱ्या तरुण मुलांना मी ‘इच्छाशक्ती वाढवा’ असं सांगत नाही. तुम्ही कशाने थकता आणि कशाने ताजेतवाने होता, ते महिनाभर निरखा, एवढंच सांगतो. ध्येय मोठंच ठेवा. त्याच्याकडे जायची चाल मात्र स्वतःची असू द्या. उसन्या चालीने फार लांब जाता येत नाही, आणि मोठी कामं लांबच असतात.