पंधरा मिनिटांचा डाव

शिवाजी पेठेतल्या आमच्या ओसरीवर वडिलांचा बुद्धिबळाचा डाव जेवणे उरकल्यावर मांडला जाई आणि दिवेलागणीला मोडे. देशी पद्धतीचा खेळ तो. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. त्यामुळे घड्याळ लावून खेळणे म्हणजे पंगतीत वाढप्याने घास मोजण्यासारखे मला वाटे.

28 जुलै 2025 रोजी मात्र मी मुलीशेजारी मोबाइलपुढे बसलो. जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत होती. एकीकडे आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, दुसरीकडे अडतीस वर्षांची कोनेरू हंपी. दोन लांबलचक डाव बरोबरीत सुटले होते. आता जलद डाव : प्रत्येकीला पंधरा मिनिटे आणि चालीमागे दहा सेकंदांची भर.

पहिला जलद डावही बरोबरीतच गेला. दुसऱ्यात हंपीने पांढऱ्या मोहऱ्यांनी कॅटलान सुरुवात केली. यात राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून त्याच्या जागी उंट बसवतात; तिथून तो साऱ्या पटावर तिरपी नजर ठेवतो.

हंपी 2002 मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. चाळिशी ओलांडलेला माझा जीव नकळत हंपीकडे ओढत होता. पण शेवटी घड्याळ मानगुटीवर बसले, चुका झाल्या आणि काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली. त्याबरोबर ग्रँडमास्टरही झाली. आईच्या मिठीत रडणारी ती पोर पाहून माझ्या मुलीचेही डोळे भरले.

रात्री तिने मलाच पटावर बसवले. पहिल्या आठ चालींतच माझी नऊ मिनिटे गेली. पुढे माझी बाजू वरचढ झाली, पण तोवर वेळ संपली!

"बाबा, सुरुवात पाठ करायची ती डोकं चालवायला नको म्हणून नव्हे. पुढं डोकं चालवायला वेळ उरावा म्हणून!"

वर्गात पाठांतराला नाके मुरडणारा मी मास्तर गप्प झालो.

भाऊसाहेब पडसलगीकरांनी जिला बुद्धिबळाचे वेड लावले, त्या सांगलीतल्या एका स्पर्धेचा तिचा अर्ज महिनाभर माझ्या खणात पडून होता. 'दहावीनंतर बघू,' असे मी म्हणत आलो होतो. म्हणजे विचार माझा चालला होता आणि मिनिटे तिची जात होती!

मी अर्ज काढून सही केली. ती काही क्षण त्या कागदाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आणखी एक डाव?"

"मांड. पण आधी ते कॅटलान मला शिकव."