ट्रॅडिशनलवाला

लग्नाची तारीख पक्की झाली की मुलीचे वडील स्टुडिओत येतात आणि आधी दर विचारतात. दराच्या कागदावर दोन माणसं वेगवेगळी लिहिलेली असतात, एक ‘ट्रॅडिशनल’ आणि एक ‘कँडिड’. ट्रॅडिशनलवाला स्टेजसमोर उभा राहतो, मामा-मावश्यांना, भावकीला ओळीत लावतो आणि ‘इकडं बघा’ म्हणून ओरडतो. कँडिडवाला लांब लेन्स घेऊन मांडवात फिरतो आणि कुणाचं लक्ष नसताना हसू, रडू टिपतो. दर अर्थात कँडिडचा जास्त. धंद्यातली नवी पोरं सांगतात, खऱ्या भावना तिथंच सापडतात, स्टेजवर सगळे पुतळे उभे असतात.

मी गेवराईतला ट्रॅडिशनलवाला. रोल धुवायला औरंगाबादला पाठवायचे तेव्हापासून हेच करतो आहे. आणि माझं मत नेमकं उलटं आहे. सांगून काढलेल्या, सरळ उभं राहून काढून घेतलेल्या फोटोत माणूस जितका खरा सापडतो, तितका चोरून टिपलेल्या फोटोत सापडत नाही.

आधी या कँडिडचं झालंय काय ते सांगतो. पाठवणीच्या वेळी वर ड्रोन भिरभिरत असतो, समोर तीन कॅमेरे असतात आणि कुणीतरी नवरीला म्हणत असतं, ‘ताई, आईच्या गळ्यात पडताना जरा चेहरा या बाजूला.’ प्री-वेडिंगला तर सगळा दिवस ‘कॅमेरा नाहीच असं समजा’ एवढंच चाललेलं असतं. कॅमेरा आहे हे माहीत असताना तो नाही असं दाखवणं म्हणजे नाटकच. त्यापेक्षा स्टेजवर आहेर देऊन, टोपी सरळ करून, हात मांडीला चिकटवून उभे राहिलेले चुलते मला जास्त प्रामाणिक वाटतात. आपला फोटो निघतो आहे हे त्यांना माहीत असतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नाही.

दसरा झाला की माझ्याकडे एक वेगळं गिऱ्हाईक सुरू होतं. आमच्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर ठरलेले असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात ‘एक कोयता’. त्या दोघांना मोजायला माणसांचा आकडा नाही, हत्याराचा आहे. असा एखादा कोयता आठवडी बाजाराला आला की कधीकधी स्टुडिओची पायरी चढतो. कुणाला बँकेच्या कामाला पासपोर्ट साईज हवा असतो, पण बरेचदा जोडीचाच फोटो हवा असतो. गावात म्हाताऱ्या आईजवळ पोरं ठेवून जायचं असतं, त्यांच्यासाठी.

माझ्या स्टुडिओत आरसा आहे, कंगवा आहे, पावडरचा डबा आहे, खुंटीला एक कोट लटकवलेला आहे. ती बाई आरशासमोर जरा जास्त वेळ घेते. केस चापून बसवते, पदर डोक्यावरून नीट घेते, मंगळसूत्र पदराबाहेर काढते, पायातल्या चपला फोटोत दिसणार नाहीत ना हे दोनदा विचारते. मग येऊन उभी राहते आणि चेहरा एकदम कडक करते. सवयीनं मी एकदा म्हणालो, ‘ताई, जरा हसा की.’ ती म्हणाली, ‘हसायचं कामून? फोटो हाय ना.’

तेव्हापासून मी हसा म्हणायचं सोडलं. तिच्या लेखी फोटो ही गंमत नव्हती, सहीसारखं काम होतं.

माझ्या कामातला जो काही अर्थ मला सापडला आहे, तो याच जागी. कपडे नीट केल्यानंतर आणि बटण दाबण्याच्या आधी दोन-तीन सेकंद असे येतात, की समोरचा माणूस स्वतःला गोळा करतो. आपण कोण आहोत, आपल्याला कसं दिसायचं आहे हे मनाशी ठरवतो आणि मग तेवढंच समोर ठेवतो. खांदे एका रेषेत येतात, नजर ठरते. मी त्याची वाट बघत थांबतो. कधी लगेच येतं, कधी बोलत बसावं लागतं, घरचं विचारावं लागतं, लाइटची छत्री उगाच इकडून तिकडं हलवावी लागते. तो भाव कॅमेऱ्यासाठीच आलेला असतो, पण म्हणून तो खोटा होत नाही. लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी ताठ उभी राहिलेली नवरी लोकांसमोर उभी आहे म्हणून तिचं लग्न काही खोटं ठरत नाही.

२०१९ साली आमच्याकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. त्या काळात बाहेरचे बरेच कॅमेरे जिल्ह्यात फिरले. ती बातमी व्हायलाच हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण छापून आलेले फोटो मी धंदेवाईक नजरेनं बघत होतो. बरेचसे वरून घेतलेले. बसलेली बाई, उभा फोटोग्राफर, खाली झुकलेली लेन्स. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेच्या वर गेला की माणूस बापुडा दिसतो आणि कमरेच्या खाली गेला की पुढारी दिसतो. चौकातले फ्लेक्स बघा, सगळे खालून घेतलेले. मी स्टँड डोळ्यांच्या उंचीलाच ठेवतो. यात थोर काही नाही, स्क्रू किती फिरवायचा एवढाच प्रश्न आहे, पण फोटोचा अर्थ तिथंच ठरतो.

स्थलांतरित मजुरांच्या फोटोंत जगात सगळ्यात गाजलेला फोटो डोरोथिया लँगचा. १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमो इथं वाटाण्याच्या शेतावरच्या मजुरांच्या तळावर तिनं एका आईचा फोटो घेतला. गालाला हात लावलेली आई, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. नाव विचारलं नाही हे लँगनं पुढं स्वतःच लिहिलं. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे जगाला कळायला १९७८ साल उजाडलं. त्या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही याचा तिला राग होता. फोटो अफाट आहे, माझ्यासारख्यानं त्यात खोट काढायचं कारण नाही. तरी बघताना दरवेळी वाटतं, हिला कुणी विचारलं असतं की बाई, तुला कसं उभं राहायचं आहे, तर ती कशी राहिली असती? तो फोटो मला बघायचा होता.

आमच्याकडं फोटोला असं सरळ उभं राहायची रीत वरच्या लोकांकडून आली, असं माझं अनुमान आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्या दरबाराचे फोटोग्राफर होते राजा दीनदयाळ. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ होता. १८९२ साली हैदराबादला त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, तो एक इंग्रज बाई सांभाळायची. कोरीव खुर्ची, मागं रंगवलेला पडदा, हात टेकायला छोटं टेबल, हे सगळं नवाब-सरदारांसाठी होतं. तेच पुढं जिल्ह्याच्या गावातल्या स्टुडिओत आलं आणि तालुक्यापर्यंत पोचलं. माझ्याकडच्या पडद्यावर जिना आणि कारंजं होतं. गेवराईत कारंजं कुठलं? उन्हाळ्यात नळाला पाणी येईना. पण त्या कारंज्यासमोर उभं राहून फोटो काढून घेणाऱ्या माणसाला मी हसत नाही. नवाबाचा पडदा त्याचाही झाला.

गावाकडच्या लोकांचे फोटो घेताना एक अडचण मात्र पक्की. आमच्याकडची जुनी माणसं पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून येतात. कॅमेऱ्यातला मीटर समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरून चालतो, म्हणून एवढा पांढरा दिसला की तो उजेड कमी करतो. धोतर राखाडी येतं आणि रापलेला चेहरा काळाठिक्कर पडतो, डोळेच दिसत नाहीत. मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उघडावं लागतं, धोतराची थोडी वीण उडाली तरी चालेल. पदराखालच्या बाईचंही तसंच. पदर मागं घ्या म्हणायचं नाही, लाइट खाली आणायचा. हल्ली मोबाईल चेहरा आपोआप गोरा करून देतो आणि गिऱ्हाईकही ‘जरा उजळ करा’ म्हणतं. डाग काढतो, घाम पुसतो, कुणाला हवा असेल तर कोटही चढवतो. रंग बदलत नाही. त्यावरून गिऱ्हाईक गेलं तर जाऊ देतो.

सगळ्यात जास्त फोटो मी पाहिलेले आहेत ते गेलेल्या माणसांचे. दहाव्याला फ्रेम हवी असते, चौकात बॅनर हवा असतो आणि घरात फोटो नसतो. मतदार ओळखपत्रं १९९३ पासून निघायला लागली, तोवर खेड्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांचा उभ्या जन्मात फोटो निघालेला नव्हता. मग ते कार्ड किंवा आधार कार्ड घेऊन मुलगा येतो. नखाएवढा धुरकट चेहरा, त्यावर छापील अक्षराचं टोक आलेलं. त्यातून मोठा फोटो करायचा. फोटोग्राफी म्हणून बघाल तर त्यात काहीच नाही. रोलाँ बार्थ नावाच्या फ्रेंच लेखकाची आई १९७७ साली गेली. तिच्या लहानपणच्या एका फोटोवर त्यानं १९८० सालच्या आपल्या पुस्तकात पानंच्या पानं लिहिली, पण पुस्तकात बाकीचे फोटो छापले आणि तोच छापला नाही. इतरांना तो कुठलाही एक जुना फोटो वाटला असता, असं त्याचं म्हणणं. आमच्या काउंटरवर हे रोज घडतं. मला जो बिघडलेला स्कॅन दिसतो, त्यात समोरच्याला आई दिसते.

मध्यंतरी असाच एक जण आधार कार्ड घेऊन आला. मी चेहरा मोठा केला, अक्षरं पुसली, खांद्यापर्यंत साडी नव्यानं भरून हिरवी केली, कारण कार्डावर ती हिरवट काळी दिसत होती. चेहरा बघून तो काही बोलला नाही. साडीवर बोट ठेवलं.

‘भाऊ, ही नव्हती. मोरपंखी होती.’

मी दोन-तीन रंग दाखवले, पण त्याला एकही पटेना. दुसऱ्या दिवशी तो पिशवीतून साडीच घेऊन आला. आम्ही ती काउंटरवर अर्धी उलगडली, मी स्क्रीन तिच्या शेजारी फिरवला आणि निळा वाढव, हिरवा कमी कर असं बराच वेळ चाललं. जमलं तेव्हा त्याची बहीणही येऊन उभी राहिली होती. तिनं स्क्रीनवरचे काठ निरखून बघितले. शोभेसाठी मी त्यांना जर दिली होती.

‘जर काढा,’ ती म्हणाली, ‘आईची जर कवाच गेलती.’