रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता!

मुलुंडला आमच्या घरी सहा वर्षं एकच प्रश्न, “गुड न्यूज कधी?” बायकोच्या सोनोग्राफ्या, इंजेक्शनं, उपास सगळं चालू. माझी वीर्यतपासणी एकदाच झाली. नॉर्मल. झालं, मी सुटलो! आई हिला बोलायची आणि मी पेपरात तोंड खुपसून बसायचो.

त्या तपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार बघतात. आतला डीएनए तुटलाय का, जनुकं चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा नीट आहेत का, हे त्यात दिसत नाही. आपल्या परळच्या आयसीएमआर संस्थेत या खुणांवर संशोधन झालंय, वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांतल्या पुरुषांवरसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत डीएनए तुटण्याची चाचणी आहे, पण नेहमीच्या तपासणीत नाही, जादाच्या यादीत.

सातव्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी ती करायला लावली. दोष माझ्यात निघाला. त्या दिवशी तंबाखू सोडली. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून थांबायला सांगितलं. आईला मात्र त्याच रात्री सांगितलं.

मित्रांनो, नॉर्मल रिपोर्ट म्हणजे क्लीन चिट नव्हे. घरात बोट बायकोकडे वळलं तर गप्प बसू नका. मी सहा वर्षं बसलो.